अठ्ठेचाळीस तास : मरणोत्तर अवयव काढण्याच्या कायद्यांतील एक जुना पाठ

पोथ्यांचा वंश ठरवितांना शुद्ध पाठांपेक्षां अशुद्ध पाठ अधिक उपयोगी पडतात, हें संशोधकांस नव्यानें सांगावयास नको. दोन लेखनिकांनीं एकच गोष्ट बरोबर लिहिली असेल तर त्यांनीं ती एकमेकांची पाहून लिहिली असें म्हणतां येत नाहीं. परंतु दोन पोथ्यांत एकाच ठिकाणीं एकच अर्थहीन अक्षर आढळलें, तर दोघींचें मूळ एक होतें, हें सिद्ध होतें. बखरींच्या व सनदांच्या नकलांस आपण ही कसोटी नित्य लावतों. कायद्यांस मात्र ती सहसा कोणी लावीत नाहीं. कायदा म्हणजे विधिमंडळानें त्या त्या वेळीं नवा विचार करून केलेली रचना, अशी समजूत असल्यामुळें त्यांतील शब्द कोठून आले हें पाहण्याचें कारणच पडत नाहीं. वस्तुतः कायद्याचा मसुदा करणारा हाहि एक लेखनिकच असतो. त्याच्याहि मेजावर जुनी प्रत असते, आणि तोहि कधीं कधीं तिच्यांतील ओळ अर्थाकडे न पाहतां उतरून घेतो.

प्रस्तुत लेखांत अशाच एका ओळीचा विचार करावयाचा आहे. मृताच्या शरीरांतून अवयव काढून तो दुसऱ्या रुग्णाच्या शरीरांत बसविण्याविषयींचा भारताचा कायदा १९९४ सालचा आहे. त्याचें पांचवें कलम बेवारस प्रेतांसंबंधीं असून त्याचा आशय असा कीं, प्रेत रुग्णालयांत किंवा तुरुंगांत पडलें असेल आणि मृत्यूच्या वेळेपासून अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या आप्तांपैकीं कोणींहि तें मागितलें नसेल, तर त्या रुग्णालयाच्या किंवा तुरुंगाच्या व्यवस्थापकास त्यांतून अवयव काढण्याची परवानगी देतां येते.

वैद्यकाची साधारण माहिती असणारासहि या ओळीपाशीं अडखळावें लागेल. रक्ताभिसरण थांबलें कीं मूत्रपिंड, यकृत, हृदय हीं कांहीं मिनिटांतच बिघडूं लागतात. थंड द्रवांत ठेवलेलें हृदय सुमारें चार तासांच्या आंत दुसऱ्याच्या छातींत बसवावें लागतें. डोळ्याच्या बाहुलीवरील पारदर्शक पडदा त्या मानानें टिकाऊ. तरी तोहि मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत काढावा, असा नेत्रपेढ्यांचा दंडक आहे. मग दोन अहोरात्र वाट पाहिल्यावर जें काढावयाचें तें काय? यंत्राच्या साह्यानें ज्याचा श्वास चालू ठेवला आहे अशा मृताच्या बाबतींत या कलमाचा उपयोग कदाचित् संभवेल, असें कोणी म्हणेल. पण तुरुंगांत असें यंत्र कोठून असणार? "तुरुंग" हा शब्द आणि "अठ्ठेचाळीस" हा आंकडा, दोन्ही या कायद्याच्या प्रयोजनाशीं जुळत नाहींत. तीं दुसरीकडून आलीं आहेत, आणि जेथून आलीं तेथें तीं सार्थ होतीं, असें आमचें मत आहे.

हें मत पडताळण्यासाठीं इंग्लंडच्या जुन्या कायद्याकडे वळलें पाहिजे. कारण या विषयांतील आपल्या कायद्याची भाषा तेथील आहे. प्रेत ही कोणाचीच मालमत्ता नव्हे, असें एक तत्त्व त्या देशाच्या रूढ कायद्यांत फार दिवसांपासून चालत आलेलें आहे. त्याचा उगम १६१४ सालच्या एका खटल्यांत दाखविण्याचा प्रघात आहे. हेन्स नांवाच्या इसमानें रात्रीं थडगीं उकरून प्रेतांवरचीं कफनें चोरलीं. चोरी म्हटली कीं धनी दाखवावा लागतो. तेव्हां कफनाचा धनी कोण, असा प्रश्न न्यायाधीशांपुढें आला. प्रेताला मालकी असूं शकत नाहीं, म्हणून ज्यानें कफन घातलें त्याचीच ती वस्तु राहिली, असा निर्णय झाला, व सर एडवर्ड कोक याच्या निर्णयसंग्रहांत तो नोंदला गेला. म्हणजे मूळ वाद कापडाचा. प्रेत कोणाच्या मालकीचें, हा प्रश्न त्यांत कोणीं विचारलाच नव्हता. पण पुढें ग्रंथांतरीं "प्रेताला मालकी नाहीं" याचेंच "प्रेतावर मालकी नाहीं" असें झालें. एवढ्याशा प्रत्ययाच्या फरकावर पुढचीं तीन शतकें गेलीं.

या तत्त्वाचा परिणाम असा झाला कीं, प्रेत पळविणें ही चोरी ठरेना. १७८८ सालीं लिन नांवाच्या इसमाच्या खटल्यांत, विच्छेदनासाठीं प्रेत उकरून नेणें हा लोकनीतीविरुद्ध गुन्हा ठरला खरा. पण त्याची शिक्षा हलकी होती आणि शरीरशास्त्राच्या शाळांतून प्रेताला मिळणारी किंमत भारी होती. कायद्यानें शाळांना पुरविलेला साठा म्हणजे फांशीं गेलेल्या खुन्यांचीं प्रेतें. १७५२ च्या कायद्यानें खुन्याचें प्रेत विच्छेदनास द्यावें किंवा सांखळदंडांत टांगून ठेवावें, त्याशिवाय पुरूं नये, असें ठरविलें होतें. शरीराची चिरफाड हा देहदंडावरचा अधिक दंड होय, अशी लोकांची समजूत या कायद्यानें पक्की केली. पुढें या विषयांतील प्रत्येक सुधारणेस जो लोकांचा विरोध झाला, त्याचें मूळ धर्मभावनेइतकेंच या शिक्षेंत आहे, हें विसरूं नये.

मागणी वाढली, साठा अपुरा पडला, आणि प्रेतचोरांचा धंदा भरभराटला. १८२८ सालीं एडिंबरो येथें बर्क व हेअर या दोघांनीं उकरण्याचेहि श्रम वांचविले. त्यांनीं सोळा माणसें मारून तीं डॉक्टर नॉक्स याच्या शाळेला विकलीं. २८ जानेवारी १८२९ रोजीं बर्क फांशीं गेला, आणि तेव्हांच्या कायद्याप्रमाणें त्याच्याच प्रेताचें विच्छेदन झालें. त्याचा सांगाडा एडिंबरो विश्वविद्यालयाच्या संग्रहालयांत आहे. त्याच वर्षीं वॉरबर्टन नांवाच्या सभासदानें पार्लमेंटांत एक विधेयक आणलें. रुग्णालयांत व वर्कहाउसांत, म्हणजे सरकारी खर्चानें चालणाऱ्या गरीबखान्यांत, मेलेल्या बेवारस माणसांचीं प्रेतें शाळांना द्यावींत, असें त्यांत उघड लिहिलें होतें. तें लोकसभेंत निभावलें, पण उमरावांच्या सभेंत परत घ्यावें लागलें. १८३१ सालीं लंडनांत बिशप व विल्यम्स यांनीं बर्कचा कित्ता गिरविला, व तेहि फांशीं गेले. त्यानंतर वॉरबर्टननें दुसरें विधेयक आणलें, आणि १ ऑगस्ट १८३२ रोजीं त्याचा कायदा झाला. आमच्या विषयाची मूळ प्रत ती हीच.

(याच उन्हाळ्यांत, ६ जून रोजीं, जेरेमी बेंथम वारला. आपल्या देहाचें विच्छेदन व्हावें अशी त्यानें स्वतः लिहून ठेविलेली इच्छा होती, व तिसऱ्या दिवशीं ती त्याच्या मित्रानें, डॉक्टर साउथवुड स्मिथ यानें, पुरी केली. त्याचा कपडे चढविलेला सांगाडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बसविलेला आहे. स्वेच्छेनें देह देणाराचें उदाहरण म्हणून बेंथमचें नांव पुष्कळ घेतात. पण कायद्याचा भरंवसा बेंथमासारख्यांवर नव्हता, हें आतां दिसेल.)

१८३२ च्या कायद्यांत "बेवारस" हा शब्द नाहीं. वर्कहाउसाचाहि उल्लेख नाहीं. पहिल्या विधेयकावर जो गदारोळ झाला, त्यावरून घेतलेला हा धडा होता. त्याऐवजीं सातव्या कलमांत म्हटलें आहे कीं, मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा प्रेताचा "कायदेशीर ताबा" असलेला दुसरा कोणीहि इसम विच्छेदनास परवानगी देऊं शकतो. मात्र केवळ पुरण्यासाठीं ज्याच्या हवालीं प्रेत केलें असेल त्याला हा अधिकार नाहीं. मृतानें लेखी, किंवा शेवटच्या आजारांत दोन साक्षीदारांसमक्ष तोंडी, विरोध केला असेल, अथवा नवरा, बायको किंवा ज्ञात आप्त विच्छेदनावांचून पुरण्याची मागणी करतील, तर परवानगी चालत नाहीं. आठव्या कलमाप्रमाणें, मृतानें स्वतःच विच्छेदनाची इच्छा सांगितली असेल तर ताबा असणारानें ती पुरी "केलीच पाहिजे". पण तेथेंहि जवळच्या आप्तांचा नकार वरचढ. आणि नवव्या कलमांत तो आंकडा येतो: मृत्यूपासून अठ्ठेचाळीस तास झाल्यावांचून प्रेत विच्छेदनासाठीं हलवूं नये.

येथें हा आंकडा कसा चपखल बसतो तें पहावें. शरीरशास्त्राच्या शाळेला प्रेत दोन दिवस उशिरां मिळालें तरी चालतें. तेवढ्या अवकाशांत आप्तांना वार्ता पोंचते, मृत्यूचें कारण लिहिलेला दाखला तयार होतो, तपासनिसाला चोवीस तासांची सूचना देतां येते. अवधीचा उद्देश गरिबाला थोडेसें संरक्षण देणें हा होता, आणि निदान कागदावर तरी तो सफल होता.

कागदाबाहेर काय होत होतें हें १८५८ च्या फाइस्ट प्रकरणावरून कळतें. फाइस्ट हा लंडनच्या न्यूइंग्टन येथील वर्कहाउसाचा व्यवस्थापक. तेथें मेलेल्या गरिबांच्या आप्तांना तो शवपेटी दाखवी, प्रेतयात्राहि निघे, आणि नंतर तें प्रेत पैसे घेऊन शरीरशास्त्राच्या शाळेकडे रवाना होई. आप्तांच्या हातची माती भलत्याच पेटीवर पडे. ज्यूरीनें त्याला दोषी ठरविलें. परंतु वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला. कारण प्रेताचा कायदेशीर ताबा त्याच्याकडेच होता, आणि कायद्याला अभिप्रेत असलेली "विच्छेदनावांचून पुरण्याची मागणी" आप्तांनीं केलेलीच नव्हती. ती त्यांनीं करावी कशी? पुरणें त्यांच्या डोळ्यांसमोर झालें, असें त्यांना वाटत होतें. वर्कहाउसाचें नांव न घेतां "कायदेशीर ताबा" या दोन मोघम शब्दांत काय भरून ठेविलें होतें, तें या निकालानें उघड झालें. आमच्या मतें या सबंध वंशावळींत इतकें बोलकें प्रकरण दुसरें नाहीं, आणि अवयवदानाच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनीं तें वगळूं नये.

आतां दुसऱ्या शाखेकडे येऊं. अवयवरोपणाचा आरंभ डोळ्यापासून झाला. ७ डिसेंबर १९०५ रोजीं मोराव्हियांतील ओलोमोउत्स येथें एडुआर्ड झिर्म यानें चुन्यानें डोळे भाजलेल्या एका मजुराच्या डोळ्यावर पारदर्शक पडदा बसविला, व तो टिकला. पण तो पडदा प्रेताचा नव्हता; एका जखमी मुलाचा डोळा काढावा लागला होता, त्याचा तो होता. प्रेताच्या डोळ्याचा पद्धतशीर उपयोग १९३० नंतरच्या दशकांत ओडेसा येथें फिलातोव्ह यानें रूढ केला. १९३३ सालीं युक्रेनांतच, खेरसोन येथें, व्होरोनी यानें मृताचें मूत्रपिंडहि रुग्णास जोडून पाहिलें. रुग्ण दोन दिवस जगला. मूत्रपिंडाची वाट लांबची होती. डोळ्याची मात्र खुली झाली, आणि तिच्यासाठीं इंग्लंडांत १९५२ सालीं स्वतंत्र कायदा झाला. १९६१ सालीं तो रद्द करून शरीराच्या कोणत्याहि भागास लागू पडणारा व्यापक कायदा करण्यांत आला. या दोन्ही कायद्यांचा मसुदा करणारापुढें १८३२ ची प्रत उघडी होती. "कायदेशीर ताबा असलेली व्यक्ति" तीच, शेवटच्या आजारांतील तोंडी इच्छा व दोन साक्षीदार तेच, आप्तांचा नकार तोच. अठ्ठेचाळीस तास मात्र त्यानें गाळले. डोळा इतका वेळ थांबत नाहीं हें त्याला माहीत होतें. लेखनिक सावध असला म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण.

कालमानानुसार एखादें वाक्य कसें वाढत जातें, हें पहावयाचें असेल तर अंत्यविधीसाठीं प्रेत हवालीं केलेल्या इसमाचें वाक्य घ्यावें. १८३२ च्या प्रतींत केवळ "पुरण्यासाठीं" असें आहे. इंग्लंडांत तेव्हां दहन रूढच नव्हतें. १९६१ च्या प्रतींत "पुरण्यासाठीं किंवा दहनासाठीं" असें झालें. १९९४ च्या भारतीय प्रतींत "पुरणें, दहन किंवा अन्य प्रकारें विल्हेवाट" असे शब्द आहेत. ज्या देशांत दख्म्यांची चाल आहे, त्या देशाच्या मसुदाकाराला ही भर सुचली यांत नवल नाहीं. वाक्याचा सांगाडा मात्र एकशें बासष्ट वर्षें हललेला नाहीं.

याहून महत्त्वाचा पाठभेद क्रियापदांत आहे. मृतानें स्वतः देहाविषयीं इच्छा सांगून ठेविली असतां ताबा असणारावर तिचें बंधन किती? १८३२ च्या कायद्यांत, आप्त आड न आले तर, त्यानें ती पुरी "केलीच पाहिजे". १९५२ व १९६१ च्या कायद्यांत तो परवानगी "देऊं शकतो", म्हणजे द्यावी किंवा न द्यावी. बंधन सैल कां झालें? आमच्या समजुतीप्रमाणें याचें उत्तर मधल्या काळांतील एका खटल्यांत सांपडतें. क्रूकेंडेन नांवाच्या गृहस्थानें आपलें प्रेत मिस् विल्यम्स या स्नेह्याच्या स्वाधीन करावें, तिनें तें लांकडांच्या चितेवर जाळावें आणि रक्षा एका कलशांत ठेवावी, असें लिहून ठेविलें होतें. घरच्यांनीं तें पुरलें. मिस् विल्यम्स हिनें, दुसरीकडे पुरावयाचें म्हणून, प्रेत उकरण्याचा परवाना मिळविला, तें इटलींत मिलान येथें नेऊन जाळलें, आणि झालेला खर्च व्यवस्थापकांकडून मागितला. १८८२ सालीं न्यायमूर्ति के यांनीं तिचा दावा फेटाळला. प्रेतावर मालकी नाहीं; ज्यावर मालकी नाहीं तें मृत्युपत्रानें देतां येत नाहीं; म्हणून देहाविषयींची मृताची आज्ञा व्यवस्थापकांवर बंधनकारक नाहीं, असा निकाल झाला. हेन्सच्या कफनापासून निघालेला धागा येथें येऊन पोंचतो. मनुष्य आपली शेतवाडी, भांडीकुंडीं कोणाला द्यावयाचीं तें ठरवूं शकतो. स्वतःचा देह तेवढा त्याच्या शब्दाबाहेर राहतो.

भारताच्या १९९४ च्या कायद्यानें येथें पाठ पुन्हां बदलला. तिसऱ्या कलमाप्रमाणें मृतानें निःसंदिग्धपणें अधिकार दिला असेल, व तो त्यानें पुढें मागें घेतला असें मानण्यास कारण नसेल, तर प्रेताचा कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीनें वैद्याला अवयव काढण्याच्या सर्व वाजवी सोयी "दिल्याच पाहिजेत". १८३२ चें बंधनकारक क्रियापद परत आलें, आणि आप्तांचा नकार या ठिकाणीं तरी वाक्यांतून गळाला. शेवटच्या आजारांतील तोंडी इच्छाहि गेली. लेख हवा, दोन साक्षीदार हवे, आणि त्यांपैकीं एक जवळचा आप्त असला पाहिजे. या शेवटच्या अटीकडे लक्ष द्यावें. आप्तांना समोरच्या दारानें बाहेर काढून साक्षीदार म्हणून मागच्या दारानें आंत घेतलें आहे. लेख नसेल आणि विरोधहि नोंदलेला नसेल, तेथें मात्र ताबा असणारानें परवानगी द्यावी न द्यावी हें त्याच्या खुषीवर आहे, आणि कोणत्याहि जवळच्या आप्ताची हरकत असल्याचें वाटण्यास कारण असेल तर ती देतां येत नाहीं. व्यवहारांत डॉक्टर मंडळी लेख असूनहि घरच्यांची संमति घेतल्यावांचून पुढें जात नाहींत. कायद्यांतील क्रियापद बदललें, रूढि बदलली नाहीं.

या कायद्याची घडण महाराष्ट्राशीं निगडित आहे. हा विषय राज्यांच्या अखत्यारींतला असल्यामुळें केंद्राला तो आपण होऊन हातीं घेतां येत नव्हता. गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनीं घटनेच्या २५२ व्या कलमान्वयें ठराव केले, तेव्हां संसदेला अधिकार आला. ८ जुलै १९९४ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत जारी झाला. डोळे व कानांतील पडदा-हाडें यांविषयींचे १९८२ चे दोन लहान कायदे त्यानें रद्द केले.

मृत्यूची व्याख्या हा या कायद्यांतील खरा नवा भाग. केप टाउन येथें ३ डिसेंबर १९६७ रोजीं पहिलें हृदयरोपण झालें, आणि तीन महिने होण्याच्या आंत, फेब्रुवारी १९६८ मध्यें, मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनीं तो प्रयोग केला. रुग्ण कांहीं तासांतच दगावला. ज्याचें हृदय काढावयाचें तो मेला केव्हां म्हणावयाचा, याविषयीं तेव्हां भारतांत एकहि कायदेशीर अक्षर नव्हतें. हार्व्हर्डच्या समितीचा अहवालसुद्धां त्याच वर्षीं ऑगस्टांत निघाला. दुसऱ्याच वर्षीं जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा झाला. त्यांत, जिवंत जन्म झाल्यानंतर केव्हांहि जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहींशा होणें म्हणजे मृत्यु, अशी व्याख्या आहे. १९९४ च्या कायद्यांतील मृताची व्याख्या हिच्याशेजारीं ठेवून वाचावी. शब्द तेच आहेत. फक्त मध्यें एक तुकडा घातला आहे, तो असा कीं, या खुणा मेंदूस्तंभाच्या मृत्यूमुळें नाहींशा होवोत किंवा हृदय व श्वास थांबल्यामुळें होवोत. जुन्या वाक्यांत नवा प्रक्षेप इतक्या ठळकपणें कचितच पहावयास मिळतो. सांधा बोटानें चांचपतां येतो. "मेंदूस्तंभ" हा शब्द १९७६ सालच्या ब्रिटिश वैद्यकसंस्थांच्या मतावरून आलेला आहे. अमेरिकेंत सबंध मेंदूचा मृत्यु धरतात. हा मृत्यु चार वैद्यांच्या मंडळानें, निदान सहा तासांच्या अंतरानें दोन वेळां तपासून, प्रमाणित करावयाचा असतो. ही व्याख्या त्या कायद्यापुरती आहे. १९६९ च्या कायद्यांतील वाक्यांत हा तुकडा घातलेला नाहीं, म्हणून दोन पाठ शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

मग पांचव्या कलमांतील अठ्ठेचाळीस तास कोठले? डोळ्यांच्या व अवयवांच्या कायद्यांच्या इंग्रजी शाखेंत ते नाहींत, हें वर दाखविलेंच आहे. ते विच्छेदनाच्या शाखेंतले आहेत. ती शाखा आपल्याकडे स्वतंत्रपणें रुजली होती. मुंबई राज्यानें १९४९ सालीं शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठीं कायदा केला (तो त्या सालचा अकरावा), आणि रुग्णालयांत, तुरुंगांत मरण पावलेल्या व आप्तांनीं न मागितलेल्या माणसांचीं प्रेतें वैद्यकीय शाळांना देण्याची व्यवस्था त्यांत आहे. वॉरबर्टनला जो "बेवारस" शब्द टाळावा लागला, तो येथें उघडपणें आला. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठीं प्रेत हवें असेल तर तें तुरुंगांतून आणावें, यांत विसंगति कांहींच नाहीं. १९९४ च्या मसुदाकारानें मुख्य मजकूर डोळ्यांच्या शाखेवरून घेतला व बेवारस प्रेतांचें कलम विच्छेदनाच्या शाखेवरून. दोन कुळांच्या पोथ्या समोर ठेवून केलेली ही मिश्र प्रत आहे, आणि "तुरुंग" व "अठ्ठेचाळीस" या तिच्यांतील खुणा आहेत. आंकडा तोच राहिला, पण त्याचें काम किंचित् बदललें, हेंहि नोंदलें पाहिजे: १८३२ मध्यें तो प्रेत हलविण्यापूर्वींचा किमान अवधि होता, १९९४ मध्यें तो आप्तांचा हक्क संपण्याची मर्यादा झाला आहे. आप्त उशिरां येतील असें वाटण्यास कारण असेल तर परवानगी देऊं नये, असें पोटकलम जोडलेलें आहे, तें योग्यच आहे. फाइस्टच्या काळीं तेवढेंहि नव्हतें.

या वंशावळींत आपल्या प्राचीन ग्रंथांना स्थान द्यावें, असा आग्रह कांहीं लेखकांचा दिसतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, पांचव्या अध्यायांत, विच्छेदनासाठीं प्रेत कसें निवडावें, तें गवतानें किंवा सालींनीं गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत आडजागीं सात रात्रीं कसें ठेवावें, याचा बारकाईनें विधि आहे. विषानें मेलेलें, दीर्घ व्याधीनें झिजलेलें, शंभर वर्षांच्या वृद्धाचें प्रेत नसावें, हेंहि सांगितलें आहे. पण तें कोणाला विचारून घ्यावें, याविषयीं तेथें अक्षर नाहीं, आणि कायद्याचा सारा प्रश्न तोच आहे. दधीचीची कथा तर प्रत्येक अवयवदानाच्या सभेंत ऐकूं येते. कथा उदात्त आहे. परंतु दधीचीनें देह जाणूनबुजून स्वतः दिला, आणि पांचव्या कलमांतला मनुष्य कांहींच देत नाहीं. त्याच्या वतीनें दुसराच कोणी देतो.

इंग्लंडांत हें जुनें घराणें आतां उरलेलें नाहीं. १८३२ चा कायदा १९८४ सालीं नव्या कायद्यानें काढून टाकला. रुग्णालयांनीं मृत मुलांचे अवयव आईबापांना न सांगतां ठेवून घेतल्याचें उघडकीस आल्यावर १९६१ चा कायदाहि इंग्लंडपुरता गेला. २००४ चा कायदा १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाला, व त्यांत "ताबा" या कल्पनेऐवजीं "संमति" ही पायाभूत धरली आहे. त्याच्याहि पुढें जाऊन वेल्समध्यें १ डिसेंबर २०१५ पासून व इंग्लंडांत २० मे २०२० पासून, विरोध नोंदलेला नसेल तर प्रौढ मृताची संमति गृहीत धरतात. म्हणजे मूळ प्रत आणि तिची पहिली नक्कल, दोन्ही मायदेशीं रद्द झाल्या. वाचन चालू आहे तें येथील नकलेचें.

२०११ सालीं आपल्या कायद्यांत मोठी दुरुस्ती झाली. दंड वाढले, आजी-आजोबा व नातवंडें जवळच्या आप्तांत आलीं, अतिदक्षता-विभागांतील वैद्यानें आप्तांना दानाची कल्पना द्यावी असें ठरलें, "अवयव" या शब्दाला "ऊतक" जोडला गेला. पांचव्या कलमांतील अठ्ठेचाळीस तास तसेच राहिले. २७ मार्च २०१४ च्या नियमांत या कलमासाठीं नववा नमुना दिला आहे. रुग्णालयांतील किंवा तुरुंगांतील बेवारस प्रेताच्या संबंधांत तो भरावयाचा. आणि तो कोणीं भरावा हें मथळ्याखालीं कंसांत छापलें आहे: प्रेताचा कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीनें.